गाडी कुणाची, गुन्हा कुणाचा?



आमच्या भागातल्या एका पोराने कर्ज काढून पिकअप घेतली. कांदा मार्केटला टाकून ड्रायव्हर परत निघाला, वाटेत त्याने दोन उतारू बसवले. नाक्यावर झडती झाली आणि एकाच्या पिशवीत गांजा निघाला. पिशवी त्याची, पण अडकली गाडी. आज ती ठाण्याच्या आवारात उभी आहे. गव्हावर तांबेरा दिसला तर आपण दुसऱ्या दिवशी फवारणीला धावतो. इथे लोखंडावर तांबेरा चढतो आहे आणि कर्जाचे हप्ते चालूच आहेत.

गांजा-अफूचा धंदा करणाऱ्याची वकिली मला करायची नाही. त्याची गाडी खुशाल जाऊ द्या. प्रश्न आहे तो ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याचा.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६० प्रमाणे असा माल वाहणारे वाहन, अगदी जनावरसुद्धा, सरकारजमा होऊ शकते. ते वाचवायचे तर मालकाने सिद्ध करायचे, की मला, माझ्या माणसाला आणि गाडी चालवणाऱ्याला काही ठाऊक नव्हते आणि प्रत्येकाने वाजवी खबरदारी घेतली होती. म्हणजे ड्रायव्हर लबाड निघाला तर मालक निर्दोष असूनही गाडी जाऊ शकते! चोरी एकाची, दंड दुसऱ्याला.

पण हेही ध्यानात घ्या. गाडी सरकारजमा करायची की नाही, हे कलम ६३ प्रमाणे कोर्टाने ठरवायचे, ठाण्याने नव्हे. जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षे सडवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले. ७ जानेवारी २०२५ रोजी आसामच्या एका ट्रकमालकाचा निकाल लागला. ट्रक कर्जावर घेतलेला, हेरॉईन सापडले उतारूकडे, आरोपपत्रात मालक नाही की ड्रायव्हर नाही. खटला चालू असताना अटी घालून ट्रक सोडायला या कायद्याची आडकाठी नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र माल मालकाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे सापडला तर गाडी सहसा सुटणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली सुपूर्तनाम्यासाठी लगेच अर्ज करा. आरसी, विमा, कर्जाचे कागद, मालाची बिल्टी जोडा. ड्रायव्हर ठेवताना लायसन्सची नक्कल घ्या, अनोळखी उतारू आणि अनोळखी गोणी घ्यायची नाही असे लिहून सही घ्या. उद्या कोर्टात खबरदारी दाखवायला हाच कागद कामी येईल.

आणि जिल्ह्याच्या बैठकीत एक मागणी एकमुखाने मांडू या. ज्या गाडीचा मालक आणि ड्रायव्हर आरोपी नाहीत, तिच्या सुटकेला पोलिसांनी आडवे येऊ नये. गुन्हेगाराला जरूर पकडा, पण कष्टाने घेतलेली गाडी ठाण्यात कुजवू नका. ती कुजली तर ना सरकारच्या हाती काही लागते, ना मालकाच्या.