हक्काचे पैसे मागायला लाज कसली?

मंडळी, इंदूरच्या आपल्या मराठी घरांत एक सवय फार जुनी. पैशाचं बोलायचं नाही. नोकरी सोडली, मालकाने शेवटचा हिशेब अडकवला, तरी म्हणायचं, "जाऊ दे, संबंध कशाला बिघडवायचे?" उभा जन्म बँकेत काढला म्हणून सांगतो, हा संस्कार नव्हे, तोटा आहे.

सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल, तर राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही. हिशेब सोपा. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा मासिक पगार, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. 26,000 रुपये आणि सहा वर्षं, म्हणजे 90,000. ही रक्कम 30 दिवसांत द्यावी लागते, उशीर केला तर व्याजासकट.

म्हणून नुसता फोनवर तगादा नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पगाराच्या स्लिपा आणि राजीनामा मंजूर केल्याचं पत्र जपून ठेवा. दाद दिली नाही, तर कामगार कार्यालय गाठा.

आपल्या हुकुमचंद मिलचं आठवा. मिल बंद पडली आणि देणी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. तीस वर्षांहून जास्त! कित्येकांचे पैसे वारसांनी घेतले. पण कामगार एकजुटीने कोर्टात लढले म्हणून ते मिळाले तरी.

आजची आपली मुलं ऑफिसात एकेकटी आहेत. त्यांच्या हाती फक्त कागद. तेव्हा मोठ्यांनी "जाऊ दे" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून अर्ज लिहून घ्यावा. काय म्हणता?