जुन्या फियाटचे ड्रम

जुनी फियाट अजून दारात उभी आहे अशी घरे आता मोजकीच. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेली ही गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघरी पोचली. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. ज्यांनी घरी जपली आहे ते रंगावर, सीटकव्हरवर हौसेने खर्च करतात. चाकाच्या आत मात्र कुणी डोकावत नाही.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा बिडाचा डबा. पॅडल दाबले की आतले दोन शू फाकतात आणि त्यांवरचा लायनर ड्रमला आतून घासतो. लायनर झिजायचाच, पण त्याच्यासोबत ड्रमही झिजतो. लायनर पार संपला की रिव्हेट उघडे पडतात आणि ड्रमला चरे पडतात.

आमच्या अब्बांची पद्मिनी सध्या चिपळूणला भाईजानकडे आहे. पुतणी कराडला दिलेली. ईदला आपल्याला दादांच्याच गाडीतून न्यावे, हा तिचा हट्ट. म्हणजे परतीला सगळा कुंभार्ली घाट उतरायचा, गाडीत बायकामुले. आणि ब्रेक मारला की पॅडल पायाखाली थरथरत होते. अशी थरथर आली की ड्रमचा गोल बिघडला असावा, हा पहिला संशय.

ड्रम उतरवला तेव्हा काठावर नखाला लागेल इतकी कड उभी राहिली होती. "लेथवर घासून घ्या, अब्बाही तेच करायचे," भाईजान म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "तेच तर सांगतोय साहेब. किती वेळा घासणार? आता जाडी कुठे उरलीय?"

मिस्त्रींचे म्हणणे आम्हाला पटले. लेथवर ड्रम गुळगुळीत होतो, पण प्रत्येक वेळी थोडे बीड जाते. घाटात ब्रेकची सारी उष्णता याच बिडाला सोसायची असते. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पॅडल खाली खाली जाऊ लागते. तडकण्याची भीती वेगळीच. म्हणून आतला व्यास आधी मोजावा. कमाल व्यास काही ड्रमवरच ओतलेला असतो, नाहीतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. मर्यादेच्या आत असेल तर लेथ चालेल, मात्र एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम सारखेच घासून घ्यावेत. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. तडा दिसला, तर मोजायचीही गरज नाही. तो भंगारात. वेल्डिंगने सांधून देतो म्हणणाऱ्याच्या दारात गाडी नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट घरातल्यांसाठी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली काळी धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना त्या वेळी अंगणात फिरकू देऊ नये.

भाईजान दोन दिवस गप्प होते. अब्बांच्या हातचा ड्रम टाकायचा, हे त्यांना जड गेले. शेवटी जोडी शोधायला सांगितली. ती लगेच मिळाली नाही, आणि ईदला पुतणी एसटीने आली. थोडी रुसलेलीच होती.

जोडी आली तेव्हा मिस्त्रींनी आधी ड्रमवरचे गंजरोधक तेल पुसले, चाकाचा सिलिंडर गळतो का ते पाहिले, नवे लायनर लावले. चाक हाताने फिरवत, शू जेमतेम घासेल इथपर्यंत आणून किंचित मागे घेतला. पहिले काही दिवस सपाट रस्त्यावर हलके ब्रेक मारत चालवा, लायनर बसू द्या, म्हणाले. घाट त्यानंतर. आणि तोही दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा.