ठसा आणि अक्षर

संक्रांतीच्या शुभेच्छा आता भ्रमणध्वनीवर येतात आणि पुढच्या संदेशाखाली दडून जातात. घरी केलेले शुभेच्छापत्र मात्र कपाटात जपले जाते.

ते करणे अवघड नाही. बटाटा मधोमध कापावा, कापलेल्या अंगावर आकृती रेखावी व भोवतालचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल काढून टाकावा. चाकू वडीलधाऱ्यांनीच धरावा. बटाट्यातील पाणी फडक्याने टिपावे, नाहीतर शाई फिकी उमटते. चकचकीत कागदापेक्षा शाई शोषणारा जाड, खरखरीत कागद बरा.

छायाकृतीत आतल्या रेषा नसतात. ओळख बाह्यरेषेनेच पटावी लागते. म्हणून पतंग, सुगड अथवा १९१६ साली उभारलेल्या आपल्या काचीगुडा स्थानकाचे घुमट व मिनार असे ठळक आकार निवडावेत. मच्छलीपट्टणच्या कलमकारीचे ठसेही लाकडात असेच कोरतात. तिचा काळा रंग गूळ व गंजलेले लोखंड पाण्यात मुरवून करतात.

ठशात कोरलेले अक्षर कागदावर उलटे उमटते, म्हणून ते आरशात दिसावे तसे कोरावे लागते. परंतु माझे सांगणे निराळे आहे. चित्र ठशाचे असावे; मजकूर मुलांनी स्वतः लिहावा. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण ती लिहिण्याचे निमित्त त्यांना क्वचितच मिळते. आजीला धाडायच्या पत्रावरील दोन ओळी हे ते निमित्त होय. एखादी वेलांटी चुकली तरी पत्र जाऊ द्यावे. आजी ती सुधारून उत्तर धाडील.