वशिल्याचे दार बंद व्हावे

सरकारी नोकरीची जाहिरात निघाली की आमचा गोमंतकीय तरुण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मिळवतो आणि लगेच मंत्र्यांचे उंबरठे झिजवू लागतो. या वाटेचा शेवट कोठे होतो, हे २०२४ साली नोकरीच्या आमिषाने पैसे उकळल्याप्रकरणी झालेल्या अटकांनी दाखवून दिले. २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला. तो संगणकावर परीक्षा घेतो. मग दागिने गहाण टाकून दलालाची धन कशासाठी? १९६१ साली गोवा मुक्त झाला, तो नव्या धन्यांपुढे हात जोडण्यासाठी नव्हे. आमच्या मते पालकांनी तो पैसा मुलांच्या अभ्यासावर खर्चावा आणि मंत्र्यांनी शिफारशीच्या चिठ्ठ्या बंद कराव्यात. आयोगाची अब्रू उभयतांच्या हाती आहे.