लाल दिव्याचा जाब तिकीट विकणाऱ्याने द्यावा

तिकीट महिनाभर आधी काढलेले असते. खात्यातून पैसे गेलेले असतात, पावती मेलवर आलेली असते, कार्यक्रमाच्या दोन तास आधीपासून माणूस रांगेत उभा असतो. दाराशी पोहोचल्यावर तो फोन पुढे करतो, हातातले यंत्र वाजते आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागतो. ‘स्कॅन होत नाहीये, बाजूला व्हा.’ या पाच शब्दांनंतर तो ग्राहक राहत नाही, संशयित होतो. मागची रांग त्याच्याकडे बघू लागते, आणि आपले तिकीट खरे आहे हे सिद्ध करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. माझे म्हणणे असे, की हा भार चुकीच्या खांद्यावर पडतो आहे. लाल दिवा म्हणजे यंत्राला पडलेला प्रश्न असतो, तो निकाल नसतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायची साधने फक्त तिकीट विकणाऱ्याकडे आणि आयोजकाकडे असतात. म्हणून ते देण्याची जबाबदारीही त्यांचीच असली पाहिजे.

तिकीट अडते कशामुळे, हे आधी नीट पाहू. फोनच्या पडद्यावरचा काळा-पांढरा चौकोन ही केवळ एका क्रमांकाची खूण असते. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झालेल्या या क्यूआर कोडमध्ये चूक दुरुस्त करायची सोय आहे. सर्वांत भक्कम प्रकारात त्याचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. त्यामुळे तडा गेलेली काच, मंद उजेड, उन्हाची तिरीप किंवा भोवतीची पांढरी कड कापून काढलेला स्क्रीनशॉट या अडचणी बहुधा अर्ध्या मिनिटात सुटतात. खरी अडचण पडद्यामागे असते. दारावरचे यंत्र तो क्रमांक सर्व्हरला विचारते. नेटवर्क गेले, तर काही यंत्रे आधी उतरवून घेतलेल्या यादीवर चालतात. त्या यादीनंतर विकलेले किंवा एकाने दुसऱ्याच्या नावे केलेले तिकीट त्यांना ठाऊकच नसते. घरातल्या चौघांची तिकिटे एकाच फोनवर असली आणि पडदा सरकवण्याआधी पहिलाच कोड पुन्हा वाचला गेला, तर ‘हे तिकीट वापरले गेले आहे’ असा शेरा येतो. तिकीट दुसऱ्या गेटचे असले तरी तेच. त्यात आता दर काही सेकंदांनी बदलणारे कोड आले आहेत. तिकीटमास्टर या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये ते आणले. स्क्रीनशॉटचा गैरवापर थांबावा हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण अशी तिकिटे बहुधा अ‍ॅपमधूनच दाखवावी लागतात. हजारो माणसे एकाच जागी जमली की मोबाइलचे जाळे कोलमडते, अ‍ॅप उघडत नाही आणि ओटीपीही येत नाही. बनावट तिकीट हे या कारणांपैकी एक आहे, पण एकच. आणि कारण कोणतेही असो, रांगेतल्या माणसाला दिसतो तो एकच लाल दिवा.

तरीही दाराशी गोंधळ झाला की पहिले बोट प्रेक्षकाकडे दाखवले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर बॅड बनी या गायकाचा कार्यक्रम होता. पहिल्याच रात्री सोळाशेहून अधिक लोकांना तिकीट हातात असून परत फिरवले गेले. बाहेर लोक रडत होते आणि आत जागा रिकाम्या होत्या. बनावट तिकिटे अभूतपूर्व संख्येने आल्यामुळे यंत्रणा विस्कळीत झाली, असे स्पष्टीकरण तिकीट कंपनीने दिले. मेक्सिकोच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने मात्र आलेली तिकिटे तपासून वेगळीच गोष्ट सांगितली. तक्रारदारांची तिकिटे त्याच कंपनीने दिलेली होती. अखेर कंपनीला पूर्ण रक्कम आणि वर २० टक्के भरपाई देणे मान्य करावे लागले. तिथे सरकारी यंत्रणा ठामपणे उभी राहिली नसती, तर ही माणसे खोट्या तिकिटावर घुसणारे म्हणूनच ओळखली गेली असती.

पॅरिसचे उदाहरण याहून गंभीर आहे. २८ मे २०२२ रोजी स्टाद द फ्रान्सवर लिव्हरपूल आणि रिअल माद्रिद यांच्यात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. बाहेर इतकी कोंडी झाली की सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला आणि दाराशी अडकलेल्या लोकांवर अश्रुधूर सोडला गेला. तीस ते चाळीस हजार इंग्लिश प्रेक्षक खोटी तिकिटे घेऊन किंवा तिकिटाविना आले होते, असे फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी सांगितले. पुढे फ्रान्सच्या सिनेटसमोर ‘युएफा’ या फुटबॉल महासंघाने दाराशी सापडलेल्या बनावट तिकिटांचा आकडा दिला, तो सुमारे २,६०० होता. महासंघानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये अहवाल दिला आणि प्राथमिक जबाबदारी महासंघावरच ठेवली. त्या संध्याकाळी कोणाचा जीव गेला नाही हे विशेष, असेही समितीने नोंदवले. त्यानंतर लिव्हरपूलच्या वाट्याच्या १९,६१८ तिकिटांचे पैसे परत करण्याची घोषणा झाली. मंत्र्यांचा आकडा आणि दारावरचा आकडा यांत दहापटीहून अधिक फरक होता. तेवढ्या फरकाने प्रामाणिक माणसांवर बालंट आले होते.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. १९८९ मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ जणांनी प्राण गमावले. तेव्हाही तिकिटाविना आलेल्या प्रेक्षकांना दोष दिला गेला होता. लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या चौकशीने तो फेटाळला आणि पोलिसांच्या नियोजनावर व नियंत्रणावर ठपका ठेवला. दहा हजारांहून अधिक लोकांना आत येण्यासाठी तिथे अवघी सात फिरती दारे होती. एका फिरत्या दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत, असे ब्रिटनची क्रीडांगण सुरक्षेची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे माणशी साडेपाच सेकंद. एक तिकीट मिनिटभर अडले तर मागे अकरा माणसे खोळंबतात. शंभर तिकिटे अशी अडली तर अकराशे माणसांचा वेळ जातो, आणि मागून येणारी गर्दी काही थांबत नाही.

आपल्याकडे नाट्यगृहाच्या जुन्या पद्धतीत एक शहाणपण होते. तिकीट खिडकीवर बैठकीचा ‘प्लॅन’ असे आणि विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीची खूण होई. दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धे परत देई, अर्धे स्वतःजवळ ठेवी. एका खुर्चीवर दोघे आले, तर प्लॅन आणि ती अर्धुके समोर ठेवून व्यवस्थापक जागच्या जागी निवाडा करू शके. पुरावा दाराशीच असे आणि निवाडा करणारा माणूसही. डिजिटल तिकिटात पुरावा उलट जास्त चोख असतो. तिकीट कुणी घेतले, कुणाच्या नावे केले, कोणत्या गेटवर किती वाजून किती मिनिटांनी वाचले गेले, ही सारी नोंद राहते. फक्त ती दाराशी उभ्या असलेल्या, एका दिवसासाठी नेमलेल्या मुलापर्यंत पोहोचत नाही. त्याला ना कारण सांगितलेले असते, ना अधिकार दिलेला असतो. त्यामुळे तोही बिचारा ‘बाजूला व्हा’ एवढेच म्हणू शकतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो फसवणुकीचा. प्रेक्षकावर विश्वास ठेवला तर काळाबाजारवाल्यांचे फावेल, असे म्हटले जाईल. फसवणूक होते, हे खरेच आहे. २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे भलत्याच भावाने बाहेर विकायला निघाली, तेव्हा तिकीट कंपनीनेच पोलिसांत तक्रार केली होती. पण माझी मागणी डोळे झाकून सोडण्याची नाही, तपासण्याची आहे. अधिकृत खात्यातून घेतलेले तिकीट आणि ओळखपत्र जुळले तर आत सोडावे. जुळले नाही तर लेखी कारण द्यावे. यात भामट्याला काहीच मिळत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. दाराशी प्रत्येकाची चौकशी करत बसलो तर गर्दी तुंबेल, असे आयोजक म्हणतील. हे अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच चौकशी दाराशी नको. दाराच्या बरेच अलीकडे, रांगेत शिरण्यापूर्वी मदतकक्ष हवा. तिसरा आक्षेप अटींचा. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत प्रवेश नाकारण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एकतर्फी, अन्याय्य करारालाही आव्हान देण्याची वाट ठेवली आहे. पैसे घेऊन, आपल्याच यंत्रणेतल्या बिघाडामुळे प्रवेश नाकारणे ही सेवेतली त्रुटीच ठरायला हवी.

म्हणून चार गोष्टी नियमाने बंधनकारक कराव्यात. तिकीट नेटवर्क नसतानाही फोनवर उघडले पाहिजे आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला छापील प्रत मिळाली पाहिजे. यंत्राने नुसता लाल दिवा न दाखवता कारण दाखवावे आणि आधी वापरले गेले असल्यास गेट व वेळही सांगावी. परवानगी देताना पोलीस आणि महापालिका अग्निशमनाची व्यवस्था तपासतात, तशी दारांची संख्या आणि मदतकक्षाची जागाही तपासावी. आणि ज्याचे खरे तिकीट अडले त्याला त्याने न मागता पूर्ण परतावा व भरपाई मिळावी. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाचे नुकसान तिकिटाच्या किमतीवर संपत नाही. प्रवास आणि मुक्कामाचा खर्चही त्यात असतो.

नियम होईपर्यंत वाचकांनी एवढे करावे. तिकीट अडले तर वाद न घालता बाजूला व्हावे, पण जागा सोडू नये. यंत्रावरचा शेरा, गेटचा क्रमांक आणि वेळ यांचा फोटो घ्यावा, तिथल्या जबाबदार व्यक्तीकडून लेखी कारण मागावे. मग राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ही तक्रार करता येते, मग कार्यक्रम अहमदाबादेत झालेला असो वा बंगळुरूत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. लाल दिवा लागला म्हणून मान खाली घालून घरी परतू नका. पैसे तुम्ही दिले आहेत, उत्तर त्यांनी द्यायचे आहे.