मिरचीचे वाण आणि बियाण्यावरील हक्क

२०२१ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीवर आग्नेय आशियातून आलेल्या फुलकिड्यांची धाड पडली. भारतात ही कीड प्रथम नोंदली गेली ती २०१५ साली, बंगळूरकडे पपईवर. सहा वर्षांत ती मिरचीच्या फुलांत शिरली. फवारणीमागून फवारणी करूनही फुलगळ थांबली नाही आणि अनेक शेतकऱ्यांनी उभे पीक उपटून टाकले. खापर किडीवर व हवामानावर फोडून सरकार मोकळे होऊ शकते. परंतु मैलोगणती शिवारात मोजक्या संकरित वाणांची एकसारखी झाडे उभी राहिली की किडीची वाट सोपी होते. आणि शिवारात काय उभे राहावे हे आज बियाण्याचा बाजार ठरवितो.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती इकडे आणली आणि पुढची चारशे वर्षे येथील शेतकऱ्यांनी, विशेषतः वाळवणातून बी निवडून ठेवणाऱ्या स्त्रियांनी, तिचे वाण घडविले. रंगाला गडद व तिखटाला सौम्य अशी सुरकुतलेली ब्याडगी, संकेश्वरी, भिवापुरी, गोव्यातील खोला, ईशान्येची जहाल भूत जोलोकिया ही त्याच श्रमाची फळे. रोगप्रतिकाराचे गुण शोधायचे ते अशा वैविध्यातच. फळसड व फांद्या वाळण्याच्या रोगास दाद न देण्याचा गुण संशोधकांना ठळकपणे आढळला तो बॅकेटम व चायनेन्स या मिरचीच्या वेगळ्या प्रजातींत. बॅकेटमचा नेहमीच्या मिरचीशी संकर सहजी फळत नाही. तो गुण उतरविण्यास वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. पुढच्या हंगामाच्या नफ्यावर डोळा असलेल्याचे हे काम नव्हे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने आपल्या पैदास-ओळी सार्वजनिक हितासाठी वाटल्या. त्यांचा लाभ खासगी बियाणे उद्योगानेही भरपूर उठविला.

संकरित मिरचीचे उत्पन्न अधिक येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला परंपरेचे गोडवे ऐकवून त्याची चूल पेटत नाही. पण संकरिताचे बी राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर हंगामाला नवे पाकीट घ्यावे लागते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, देवघेवीचा व बिनछाप विकण्याचा हक्क दिला. संकरित बियाण्यापुरता तो कागदावरच राहतो. शिवाय मधमाश्या बांध ओळखत नाहीत. शेजारच्या संकरिताचे पराग देशी वाणात मिसळतात. ब्याडगीला २०११ साली व खोला मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नावाचे रक्षण झाले. बियाण्याची शुद्धता राखण्याची तजवीज त्यात नाही.

कृषी विद्यापीठांनी प्रतिकारक्षम सरळ वाण काढावेत, ज्यांचे बी शेतकऱ्याला घरी धरता येईल, आणि सरकारने त्यासाठी दीर्घ मुदतीचा पैसा द्यावा, ही मागणी किसान आंदोलनाच्या कार्यक्रमात यायला हवी. तोवर भिवापूर, गडहिंग्लज व काणकोण भागांतील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम हाताशी आहे. त्याच कायद्याखाली शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी विनाशुल्क होते. मात्र अर्जासोबत बियाण्याचा नमुना द्यावा लागतो, आणि तो भेसळ होण्यापूर्वीच, यंदाच्या वाळवणातून, जमवावा लागेल.