अग्निप्रदीपन झाले, दाखला पाहिला का?

हंगाम तोंडावर आला की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका निघतात. पुणतांब्याचा ऊस ज्या कारखान्यांना जातो तेथील सभासदांनो, हारतुरे झाले की एवढेच विचारा : बॉयलर वापराचा चालू दाखला कोठे आहे?

१९२३ चा कायदा गेला, १ मे २०२५ पासून नवा लागू झाला. मूळ गोष्ट तीच. नोंदणी, तपासणी व दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, आणि दाखल्यातल्या दाबापेक्षा जास्त दाब चढवता येत नाही. जबाबदारी मालकाची. भाड्याने घेऊन चालवणाराही कायद्याने मालकच, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय नाही! सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड केली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. गाळप थांबेल म्हणून दुरुस्ती पुढे ढकलणाऱ्यांनी उंचाहार आठवावे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी तेथील वीजकेंद्रात बॉयलरच्या स्फोटाने ४० हून अधिक माणसे गेली.

सरपंच, पोलीस पाटील यांनीही ध्यानात ठेवावे, दूध प्रकल्पातला लहान बॉयलरही २५ लिटरच्या वर असला की बहुधा याच कायद्यात येतो. अपघात झाल्यास २४ तासांत बाष्पके निरीक्षकाला कळवायचे असते. तोवर रातोरात डागडुजी करून जागा साफ होत असेल, तर गावाने ती होऊ देऊ नये.